प्रार्थना कोणाला उद्देशून? आधुनिक ज्यू विचारातील देवाची फेरमांडणी

प्रश्न असा आहे: मोर्देकाय कापलान यांच्यासारखे विसाव्या शतकातील ज्यू विचारवंत म्हणतात की देव ही कोणी व्यक्ती नाही, तो चमत्कार करत नाही आणि आपली याचना ऐकून जगाचा क्रम बदलत नाही. तरीही ते सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, जातात, शब्बाथ हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस पाळतात आणि प्रार्थना म्हणतात. मग हा आडपडद्याचा निरीश्वरवाद म्हणायचा की आपल्याकडील निर्गुण ब्रह्माचेच ते ज्यू रूप समजायचे?

धर्माचे तत्त्वज्ञान शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला आहे. माझ्या मते या दोन्हींपैकी एकही उत्तर बरोबर नाही, आणि ती बरोबर वाटण्याचे कारण म्हणजे आपण हा वाद चुकीच्या जागी शोधतो. देव आहे की नाही, असल्यास कसा आहे, याची तर्कशुद्ध व्याख्या करणारे ग्रंथ आपण उघडतो. ज्यू परंपरेत मात्र देवाविषयीचा खरा वाद प्रार्थनापुस्तकाच्या पानांवर झालेला आहे. कोणते वाक्य प्रामाणिकपणे तोंडून काढता येईल आणि कोणते येणार नाही, हा तिथला कळीचा मुद्दा असतो. श्रद्धेची कलमे मान्य करणे हा ज्यू असण्याचा निकष सर्वमान्य असा कधीच झाला नाही. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी तेरा तत्त्वे मांडून तसा प्रयत्न केला खरा. पण देवाला शरीर आहे असे मानणाऱ्याला त्यांनी पाखंडी ठरवताच प्रोव्हान्समधील रब्बी (ज्यू धर्मगुरू) आब्राहाम बेन दावीद यांनी तिखट टिप्पणी केली की यांच्याहून थोर माणसांनीही तसे मानलेले आहे. त्या तेरा तत्त्वांचे पुढे स्तोत्र झाले आणि ते आजही सिनेगॉगमध्ये चालीवर गायले जाते.

प्रार्थनेतील प्रामाणिकपणाची ही चिंता आधुनिक नाही. तालमूद या प्राचीन ज्यू धर्मचर्चांच्या संग्रहातील ‘योमा’ या भागात त्याविषयी एक चर्चा आहे. मोशेने देवाला ‘महान, पराक्रमी आणि भयप्रद’ अशी विशेषणे लावली आणि तीच पुढे नित्य प्रार्थनेच्या आरंभी आली. परंतु परके लोक जेरुसलेमच्या मंदिरात धुमाकूळ घालताना पाहून यिर्मयाने विचारले की त्याचा धाक कुठे राहिला, आणि ‘भयप्रद’ हे विशेषण गाळले. आपले लोक परक्यांच्या दास्यात पाहून दानिएलाने विचारले की त्याचा पराक्रम कुठे आहे, आणि ‘पराक्रमी’ हे विशेषण गाळले. नंतर महासभा या प्राचीन ज्यू विद्वत्सभेच्या ज्ञात्यांनी नवा अर्थ देऊन दोन्ही विशेषणे परत आणली: स्वतःचा क्रोध आवरून धरणे हाच त्याचा पराक्रम, आणि इतक्या राष्ट्रांच्या गराड्यात हे एक राष्ट्र टिकून राहते हाच त्याचा धाक. मग तालमूद स्वतःच शंका काढतो की मोशेने घालून दिलेला पाठ बदलण्याचे धाडस या संदेष्ट्यांनी कसे केले. उत्तर मिळते की देवाला सत्य प्रिय आहे हे ते जाणून होते, म्हणून त्याच्याविषयी ते खोटे बोलले नाहीत. आधुनिक काळातील बहुतेक फेरमांडण्यांची बीजे मला या एका चर्चेत दिसतात: एक गट शब्द गाळतो, दुसरा शब्द ठेवून अर्थ बदलतो, आणि दोघेही स्वतःला परंपरेतच उभे समजतात.

मायमोनिडीस (११३८–१२०४) दुसऱ्या गटातले. देवाविषयी तो काय नाही एवढेच सांगता येते, तो काय आहे हे सांगता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्या पुष्ट्यर्थ त्यांनी तालमूदमधलीच एक गोष्ट दिली आहे. एका प्रार्थना चालवणाऱ्याने देवाच्या नावामागे विशेषणांची रास रचली. रब्बी हनीना तो संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, ‘झाली का तुझ्या धन्याची सगळी स्तुती?’ ज्या राजाकडे लक्षावधी सोन्याची नाणी आहेत त्याची चांदीच्या नाण्यांसाठी वाखाणणी करणे हा त्याचा अपमानच आहे, असेही ते पुढे म्हणाले. मायमोनिडीस यांचे लक्ष एका बारकाव्याकडे जाते: दृष्टान्तात सोन्याची नाणी कमी करून सांगितलेली नाहीत, तर भलत्याच धातूची सांगितली आहेत. आपले शब्द देवापुढे अपुरे आहेत असे म्हणणे पुरेसे नाही, ते मुळात वेगळ्याच जातीचे आहेत. तरीही नेमून दिलेली प्रार्थना त्यांनी सोडली नाही, उलट तिचे नियम लिहून ठेवले.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुधारणावादी ज्यू चळवळ उभी राहिली आणि हर्मान कोहेन (१८४२–१९१८) यांनी कांटच्या तत्त्वज्ञानाच्या आधारे देव ही नैतिकतेची हमी देणारी कल्पना आहे असे मांडले. त्यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. मारबुर्ग येथील एका वृद्ध, श्रद्धाळू ज्यू गृहस्थाला त्यांनी आपली ही संकल्पना समजावून सांगितली. म्हाताऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘यात विश्वाचा कर्ता कुठे आहे?’ कोहेन यांना उत्तर देता आले नाही आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे म्हणतात. प्रसंग जसाच्या तसा घडला असो वा नसो, त्यानंतरच्या शंभर वर्षांतला प्रत्येक ज्यू तत्त्वज्ञ त्या वृद्धाच्या प्रश्नापुढे उभा राहिलेला आहे.

सुधारणा आणि देवाच्या कल्पनेची फेरमांडणी या दोन गोष्टी एकच आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. इंग्लंडमधील उदारमतवादी ज्यू चळवळीचे प्रवर्तक क्लॉड मॉन्टेफिओरी यांनी धर्मग्रंथाचे अक्षरशः प्रामाण्य नाकारले, पण त्यांचा देव पूर्वीसारखाच सगुण, प्रेमळ आणि साद ऐकणारा राहिला. याच चळवळीचा प्रभाव लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या बेने इस्रायल डॉक्टर जेरुशा झिराड यांच्यावर पडला आणि १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली. महाराष्ट्रातील ज्यू समाजाशी या विषयाचा थेट धागा जुळतो तो इथे. परंतु ती कापलान यांची वाट नव्हे.

आता कापलान. त्यांच्यापाशी थोडे रेंगाळले पाहिजे, कारण आधी वर्णिलेला गाळण्याचा मार्ग इतक्या हट्टाने दुसऱ्या कोणी चालवला नाही. त्यांचा जन्म १८८१ मध्ये लिथुएनियात एका रब्बींच्या घरी झाला. लहानपणीच ते न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी १९६३ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, भावी रब्बींना शिकवले. १९२२ साली त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ज्युडिथला, सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर तोराचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, उतारा वाचायला लावला. मुलींच्या बात मित्स्वाची, म्हणजे धार्मिकदृष्ट्या वयात येण्याच्या विधीची, अमेरिकेतील ही सुरुवात मानली जाते. ज्यू असणे म्हणजे केवळ धर्ममत नव्हे, भाषा, भूमी, कायदा, कला, चालीरीती या सर्वांनी बनलेली ती एक विकसनशील संस्कृती आहे, असा सिद्धान्त त्यांनी १९३४ मधील आपल्या प्रमुख ग्रंथात मांडला.

या संस्कृतीत देवाचे स्थान काय? कापलान यांचे उत्तर असे की विश्वात आणि माणसात ज्या शक्ती माणसाला त्याच्या पूर्णत्वाकडे नेतात, त्यांची एकवटलेली प्रक्रिया म्हणजे देव. सदाचाराकडे नेणारी, आपल्या बाहेरची एक शक्ती, असे देवाचे वर्णन इंग्रज कवी मॅथ्यू आर्नल्डने केले होते. कापलान यांच्यावर त्याची छाप आहे, तशीच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खाइम आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचीही. हा देव निसर्गनियम मोडत नाही. तो सर्वशक्तिमानही नाही. दुष्टपणा आणि आपत्ती हा त्याने दिलेला दंड नसून विश्वाचा जो भाग अजून सुव्यवस्थेत आलेला नाही त्याचा तो परिणाम आहे. मात्र न्याय, करुणा, सहकार्य या माणसाच्या निव्वळ लहरी आहेत असे कापलान मुळीच मानत नाहीत. विश्वाची घडणच अशी आहे की तिच्यात या गोष्टींना आधार मिळतो, हे ते आग्रहाने सांगतात. निरीश्वरवादी माणूस नेमके एवढेच नाकारतो. त्यामुळे प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर इथेच मिळायला हरकत नाही.

पण प्रार्थनेचे काय? ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलायचे कशाला? कापलान यांच्या मते प्रार्थना देवाचे मन वळवण्यासाठी नसते, तर समुदायाने आपल्या सर्वोच्च मूल्यांची जाणीव जागी करण्यासाठी असते. म्हणूनच प्रार्थनेतील शब्द आपल्याला खरोखर पटलेले असले पाहिजेत. ओठांवर एक आणि मनात एक ही अवस्था त्यांना असह्य होती. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संध्याकाळी म्हटले जाणारे ‘कोल निद्रे’ हे मुळात नवसांतून व शपथांतून मुक्त होण्याचे कायदेशीर निवेदन आहे. त्यात कापलान यांना काहीच नैतिक आशय दिसेना, म्हणून त्यांनी त्याच चालीवर बायबलमधील १३० वे स्तोत्र म्हणायला लावले. मंडळी नाराज झाली आणि पुढे थोड्या बदलाने मूळ मजकूर परत आणावा लागला. सुधारकाला जड जाते ते असे: लोकांना चाल पुरत नव्हती, त्यांना न पटणारे शब्दही हवे होते.

१९४५ साली कापलान आणि त्यांचे सहकारी यांनी शब्बाथचे नवे प्रार्थनापुस्तक काढले. त्यातून ज्यू लोक हे देवाने निवडलेले राष्ट्र आहे असे म्हणणारी वाक्ये गेली. मृतांचे पुनरुत्थान गेले. व्यक्तिरूपी मसीहा (उद्धारक) येण्याची आशा आणि मंदिरातील बलिदाने पुन्हा सुरू होण्याची याचना गेली. आज्ञा मोडल्या तर आकाश बंद होईल आणि पाऊस पडणार नाही असा इशारा देणारा ‘शमा’ या नित्य प्रार्थनेतला उताराही गेला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, युरोपातील युद्ध संपून जेमतेम महिना झाला असताना, सनातनी रब्बींच्या एका संघटनेने न्यूयॉर्कच्या मॅकअल्पिन हॉटेलात सभा भरवून कापलान यांच्यावर बहिष्कार जाहीर केला आणि त्या प्रसंगी पुस्तकाची एक प्रत जाळण्यात आली. ज्या वर्षी जगाला छळछावण्यांची छायाचित्रे दिसत होती त्या वर्षी ज्यूंनी ज्यू प्रार्थनापुस्तक जाळावे, ही गोष्ट आजही अंगावर येते. सेमिनरीतील लुईस गिन्झबर्ग, शाउल लीबरमान आणि अलेक्झांडर मार्क्स या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बहिष्कार मान्य केला नाही, पण पुस्तकाचाही जाहीर निषेध केला. मला यात एक गोष्ट उल्लेखनीय वाटते. जाळणारे आणि ज्यांचे जाळले गेले ते, दोघेही प्रार्थनेचे शब्द अक्षरशः गंभीरपणे घेत होते. काहीही म्हणा, अर्थ मनातल्या मनात लावून घ्या, ही सोयीची वाट दोघांनाही मंजूर नव्हती.

तरीही कापलान यांच्या मांडणीत एक भेग आहे आणि ती त्यांच्याच पुस्तकात दिसते. चमत्कार गेले, मसीहा गेला, पण ‘हे प्रभो, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस’ हा आशीर्वचनांचा साचा तसाच राहिला. प्रक्रियेला कोणी ‘तू’ म्हणत नाही. याला काव्यमय भाषा म्हणायचे, तर मग बाकीच्या ओळींनाही ती सवलत का नाही? त्यांचे अत्यंत बुद्धिमान शिष्य मिल्टन स्टाइनबर्ग यांनी वेगळ्या बाजूने हाच आक्षेप घेतला: देवाच्या कल्पनेचा माणसावर काय परिणाम होतो हे कापलान उत्तम सांगतात, पण त्या कल्पनेपलीकडे खरोखर काही आहे का, याविषयी पुरेसे बोलत नाहीत. रब्बी हॅरल्ड शुल्वाइस यांनी यावर एक तोडगा सुचवला. ‘देव न्यायी आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘न्याय हा दैवी आहे’ असे म्हणावे, म्हणजे कर्त्याचा वाद सुटेल आणि कृतीवर लक्ष येईल. तर्काला हे पटते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ते पुरते का, याविषयी मला शंका आहे.

ज्या १९४५ साली ते पुस्तक जळाले त्याच वर्षी कापलान यांच्या सेमिनरीत आब्राहाम जोशुआ हेशेल शिकवायला आले. वॉर्सामधील हसीदी, म्हणजे भक्तिपंथी ज्यू, घराण्यात वाढलेले, बर्लिनमध्ये तत्त्वज्ञान शिकलेले, आई आणि बहिणी नाझींच्या हिंसेत गमावलेले. त्यांच्या मते आधुनिक माणसाचा दोष हा की तो देवाला आपल्या विचाराचा विषय बनवतो, वस्तुतः माणूसच देवाच्या काळजीचा विषय आहे. संदेष्ट्यांचा देव अविकारी नाही. अन्यायाने तो दुखावतो, माणसाची वाट पाहतो, त्याला माणसाची गरज आहे. देव केवळ प्रतीक असेल तर प्रार्थना हा स्वतःशीच चाललेला खेळ ठरतो, असा त्यांचा रोख होता. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत अमेरिकेतील सेल्मा येथील नागरी हक्कांच्या मोर्चात चालून आल्यावर आपले पाय प्रार्थना करत होते असे वाटले, अशी भावना त्यांनी व्यक्त केली. गंमत अशी की समाजजीवनातील न्यायावर कापलानही तितकाच भर देत. पण एकाच इमारतीत शिकवणाऱ्या या दोघांच्या देवांत मेळ बसणे शक्य नव्हते.

होलोकॉस्टनंतर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारानंतर, हा वाद आणखी कठीण झाला. १९६६ साली अमेरिकन ज्यू विचारवंत रिचर्ड रुबेनस्टाइन यांनी स्पष्ट लिहिले की इतिहास चालवणाऱ्या देवावर विश्वास ठेवायचा तर ऑश्विट्झच्या छळछावणीतला संहारही त्याच्याच इच्छेने घडला असे मानावे लागेल, आणि ते आपल्याला शक्य नाही. तरी विधी आणि सिनेगॉग यांची गरज मात्र त्यांनी नाकारली नाही. मला अधिक खोल वाटतो तो तत्त्वज्ञ हान्स योनास यांचा प्रयत्न. १९३३ मध्ये जर्मनी सोडलेले योनास ब्रिटिश सैन्याच्या ज्यू ब्रिगेडमधून लढले आणि युद्ध संपल्यावर परतले तेव्हा त्यांना कळले की आईची हत्या ऑश्विट्झमध्ये झाली. १९८४ मध्ये ट्युबिंगन येथील व्याख्यानात त्यांनी म्हटले की देव पूर्णपणे चांगला, सर्वशक्तिमान आणि काही प्रमाणात तरी आकलनीय आहे, ही तिन्ही विधाने ऑश्विट्झनंतर एकत्र धरता येत नाहीत. चांगुलपणा सोडणे अशक्य. आणि ज्याने तोरा दिली तो अगदीच अनाकलनीय असणे ज्यू परंपरेला परवडणारे नाही. उरते सर्वशक्तिमत्ता, ती सोडावी. यासाठी सोळाव्या शतकात गॅलिलीतील सफेद नावाच्या गावी गूढवादी आयझॅक लुरिया यांनी मांडलेल्या एका कल्पनेचा त्यांनी आधार घेतला: सृष्टीला जागा मिळावी म्हणून देवाने स्वतःला आक्रसून घेतले. लुरियांच्या विचारात ही केवळ पहिली पायरी होती. योनास यांच्याकडे ती पूर्ण त्याग बनते. देवाने हस्तक्षेप केला नाही तो त्याची इच्छा नव्हती म्हणून नव्हे, तर त्याच्यात ते सामर्थ्य उरले नव्हते म्हणून. तालमूदमधल्या दानिएलाने ‘पराक्रमी’ हा शब्द गाळला होता. योनास यांनी त्याचे तत्त्वज्ञान केले.

या सर्वांना एका वाक्यात झटकून टाकणारे गृहस्थ म्हणजे जेरुसलेमचे येशायाहू लायबोविट्झ (१९०३–१९९४), व्यवसायाने जीवरसायनशास्त्रज्ञ आणि आचाराने काटेकोर सनातनी. ऑश्विट्झमुळे ज्याचा देवावरचा विश्वास उडाला त्याचा विश्वास देवावर कधी नव्हताच, देवाच्या मदतीवर होता, असे ते म्हणत. प्रार्थना ही माणसाची गरज भागवण्यासाठी नसते, ती आज्ञा आहे म्हणून करायची. म्हणून शब्द बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वाचताना राग येतो आणि खोडून काढायला गेले की अवघड जाते, असा हा लेखक आहे. मायमोनिडीस यांचा सर्वांत कडक आधुनिक वारस तोच.

स्त्रीवादी विचारवंतांनी नंतर दाखवून दिले की कापलान यांनी चमत्कार छाटले पण राजा ठेवला. १९९० मध्ये ज्युडिथ प्लास्को यांनी प्रतिपादन केले की प्रभू आणि राजा या पुरुषी, सत्ताधारी प्रतिमा देवाविषयी काही सांगण्यापेक्षा समाजातील सत्तेचीच उतरंड पवित्र करतात. कवयित्री मार्सिया फॉक यांनी १९९६ मध्ये हिब्रू आशीर्वचनेच नव्याने लिहिली: ‘तू धन्य आहेस’ ऐवजी ‘जीवनाच्या झऱ्याला आपण धन्य म्हणू या’. इथे अखेर तो ‘तू’ गेला आणि त्याच्या जागी प्रार्थना करणारा समुदाय आला. कापलान यांच्या मांडणीतील भेग अशा रीतीने बुजली, मात्र हेशेल यांना जे हवे होते ते हातचे सुटले. आणि उलट दिशेचीही वाटचाल दिसते. सुधारणावादी चळवळीने फार पूर्वी गाळलेले मृतांना जीवन देण्याचे शब्द २००७ च्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकात पर्याय म्हणून परत आले आहेत.

आता निर्गुणाचा मुद्दा. मायमोनिडीस वाचताना मराठी वाचकाला ‘नेति नेति’ आठवणे स्वाभाविक आहे आणि तिथपर्यंत ती तुलना उपयोगी पडते. कापलान यांना ती लावली की मात्र घोटाळा होतो. त्यांचा देव गुणांपलीकडचा नसून न्याय आणि करुणा या गुणांतच सापडतो. तो काळाबाहेरचा नसून इतिहासात घडणारा आहे. आणि त्याच्याशी जीवाचे ऐक्य हे उद्दिष्ट नाही. योनास यांचा दुबळा झालेला, दुःख भोगणारा देव तर निर्गुणापासून आणखीच दूर आहे.

राहिली निरीश्वरवादाची सीमा. प्यू संशोधन केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे २६ टक्के ज्यू बायबलमध्ये वर्णिलेल्या देवावर विश्वास ठेवतात, जवळपास निम्मे अन्य कुठल्यातरी आध्यात्मिक शक्तीवर, आणि २२ टक्के कशावरच नाही. सिनेगॉगच्या बाकांवर हे तिन्ही प्रकारचे लोक शेजारी बसतात आणि कोणी कोणाची झडती घेत नाही. परंतु सिनसिनाटी येथील ‘बेथ अॅडम’ या मंडळीने १९९४ साली सुधारणावादी संघटनेचे सदस्यत्व मागितले तेव्हा ते मोठ्या बहुमताने नाकारले गेले. तिच्या सभासदांच्या मनात काय आहे हा आक्षेपाचा विषय नव्हता. त्यांनी आपल्या प्रार्थनापुस्तकातून देवाला उद्देशून असलेले सारे शब्द काढून टाकले होते.